पहिली रायफल घेण्याआधी

प्रिय निखिल,

तुझे प्रश्न सरळ होते. येत्या उन्हाळ्यात तू दारव्हा सोडून इथे कॅनडातल्या सास्कॅचेवानला येतो आहेस, एन.सी.सी.त पॉइंट बावीसची रायफल चालवलेली आहे आणि तो नाद इथे पुढे न्यायचा आहे. तेव्हा निशाणबाजीसाठी पहिली रायफल कोणती घ्यावी, पिस्तूल घेता येईल का, आणि जुन्या बंदुका जमवण्याचा छंद परवडेल का, एवढेच तू विचारले होतेस. उत्तर चार ओळींत देता आले असते, पण लिहायला बसलो आणि ते चार ओळींत आवरेना.

बंदूक परवान्याचे प्रकार, सुरक्षा अभ्यासक्रम, फी आणि कुलपाचे नियम सरकारी संकेतस्थळावर नीट लिहिलेले आहेत. ते तिथेच वाच. तिथून कळणार नाही ते एवढेच की तुझे एन.सी.सी.चे प्रमाणपत्र इथे कोणी बघणार नाही, आणि पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवस थांबावेच लागते, प्रत्यक्षात बरेच जास्त. पिस्तुलाचा विचार आत्ताच सोडून दे. २१ ऑक्टोबर २०२२ पासून सामान्य माणसाला पिस्तूल विकत घेण्याची वाट या देशात बंद आहे. ऑलिंपिक प्रकारांतले वरच्या दर्जाचे खेळाडू आणि असे मोजके अपवाद सोडले, तर ते कोणाच्याही नावावर होत नाही.

आता रायफल. पॉइंट बावीस लाँग रायफलचे काडतूस आणि बोल्ट अ‍ॅक्शन, यापलीकडे पहिल्या खेपेस जाऊ नकोस. धक्का जवळजवळ नसल्यामुळे चाप ओढताना डोळा मिटण्याची खोड लागत नाही, काडतूस स्वस्त असल्यामुळे सराव भरपूर होतो, आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागत असल्यामुळे माणूस दोन गोळ्यांच्या मध्ये विचार करतो. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी, घ्यावी असा मोह दुकानात होईल. परंतु १ मे २०२० रोजी आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने बंदी घातलेल्या मॉडेलांच्या लांबलचक याद्या काढल्या, आणि ज्यांनी हौसेने पैसे मोजले होते त्यांच्या बंदुका कपाटातच अडकल्या. नव्याने आलेल्या माणसाने असल्या कटकटीत पैसे गुंतवू नयेत.

सॅव्हेज कंपनीची मार्क टू ही रायफल ऑन्टॅरिओतल्या लेकफिल्डची, दिसायला साधी. तिचा चाप काही मर्यादेत स्वतःला हवा तसा हलका करता येतो आणि ती डावखुऱ्यांसाठीही मिळते. चेक बनावटीची सीझेड ४५७ बरीच महाग पडते, पण बोल्ट हातात घेतला की पैसे कुठे गेले ते कळते. मी मार्क टू घेतली आणि ती अजून आहे. मात्र नावांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे ती तुझ्या अंगाला बसते का. दोन्ही हात लांब करून पंजांच्या मध्ये लहानसे भोक ठेव, त्यातून दूरची एखादी वस्तू बघ आणि एकेक डोळा मीट. ज्या डोळ्याला ती वस्तू दिसत राहील तो तुझा प्रमुख डोळा. हात उजवा आणि प्रमुख डोळा डावा असे कित्येकांचे असते. एन.सी.सी.त सगळ्यांना उजव्या खांद्याला लावायला सांगतात, म्हणून ते कळतच नाही. खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याची लांबी दुकानात तपासताना हिवाळ्याचा जाड कोट अंगावर चढवून बघ, कारण इथे वर्षातला मोठा काळ तू त्याच कोटात असशील आणि उन्हाळ्यात बरोबर बसणारा दस्ता तेव्हा हमखास लांब होतो. दुकानदाराला हे विचित्र वाटत नाही.

दुर्बीण लगेच घेऊ नकोस. नळीवरच्या लोखंडी माशीने पन्नास मीटरवर गोळ्या एका जागी पडू लागल्या की मग घे. पन्नास मीटरच्या ऑलिंपिक लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते, तेव्हा घाई करून उपयोग नाही. काडतुसे निवडताना जास्त वेगाची घेऊ नकोस. आवाजाच्या वेगापेक्षा किंचित कमी वेगाने जाणारी गोळी लक्ष्यापर्यंत सरळ पोचते. त्यातही प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. चार प्रकारची एकेक पेटी घे, शांत हवेच्या दिवशी प्रत्येकीचे पाच-पाच गोळ्यांचे गट टाक आणि नळीला काय मानवते ते तिलाच ठरवू दे. रिकामी रायफल उगाच खटकवायची सवय असेल तर ती सोड, कारण पॉइंट बावीससारख्या पुष्कळ रिमफायर (काडतुसाच्या कडेला ठोका देणाऱ्या) रायफलींत पिन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, काठावर आपटून तो चेपतो. घरी आल्यावर जेवणाआधी हात साबणाने धू, कारण गोळी शिशाची असते.

इथपर्यंतचे तुला कोणीही सांगितले असते. आता परवान्याच्या अर्जाविषयी लिहितो.

त्या अर्जात छायाचित्र तुझेच आहे अशी सही करणारे एक माणूस लागते, तुझ्याविषयी ग्वाही देणारी आणखी दोन लागतात, आणि त्या ग्वाहीला बायको चालत नाही. गावाकडे असतो तर पारावर बसलेल्या कोणाचीही सही घेतली असती. इथे पहिल्या हिवाळ्यात मला नावाने ओळखणारी माणसे म्हणजे घरमालकीण आणि गोदामातला मुकादम, आणि फेब्रुवारीत गोदामातली नोकरीही गेली. बायको आणि मुलगा तेव्हा दारव्ह्यालाच होते. तळघरातल्या खोलीला जमिनीलगत एक आडवी खिडकी होती, तीही बर्फाने झाकली जायची, आणि डिसेंबरात तर संध्याकाळी पाचच्या आत सूर्य मावळायचा. अशा वेळी मी तो अर्ज समोर घेऊन बसलो होतो. त्यात विचारले होते की गेल्या दोन वर्षांत घटस्फोट, ताटातूट, महत्त्वाचे नाते तुटणे, नोकरी जाणे किंवा दिवाळखोरी यांपैकी काही घडले आहे का. नैराश्यासाठी उपचार घेतले आहेत का. आत्महत्येची धमकी दिली आहे का किंवा प्रयत्न केला आहे का. आल्यापासून मला कोणी ‘कसा आहेस’ हे खरोखर विचारले असेल तर ते त्या बंदुकीच्या अर्जाने.

‘हो’ लिहिले म्हणजे अर्ज फेटाळला जातो असे नाही, चौकशी वाढते. खोटे लिहिणे मात्र गुन्हा आहे. मी तो अर्ज तेव्हा भरलाच नाही. खोलीत बंदूक असावी अशी माझी त्या दिवसांतली अवस्था नव्हती आणि ते मला कळत होते. मी आधी डॉक्टरकडे गेलो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणत्या घरात काय घडले आहे हे तुलाही ठाऊक आहे, म्हणून याहून जास्त लिहीत नाही. एवढेच सांगतो की रायफल कोणती हा प्रश्न दुसरा आहे, आणि तुझी झोप, जेवण आणि बोलायला माणूस या तिन्हींची सोय लागेपर्यंत तो दुसराच राहू दे. तोवर क्लबात जा. परवानाधारकाच्या देखरेखीखाली त्याच्या रायफलने निशाणबाजी करता येते. माझ्या क्लबात युक्रेनी वंशाचा एक म्हातारा शेतकरी होता. तो फारसे बोलत नसे, पण दर रविवारी आपली रायफल माझ्यासमोर ठेवून स्वतः चहा प्यायला बसायचा. पुढे माझा पहिला ग्वाहीदार तोच झाला.

पुढे बायको आणि मुलगा इथे आले. मुलगा तिसरीत असताना इथल्या शाळेत आजी-आजोबांच्या कामाविषयी बोलायला सांगितले होते. त्याने सांगितले की माझे आबाजी पऱ्हाटीच्या वावरात रात्री जागलीला बसायचे आणि डुकरे आली की बंदुकीचा बार काढायचे. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना शाळेत बोलावले. घरात शस्त्र आहे का, मुलाला रात्री भीती वाटते का, तो असे नेहमी बोलतो का, असे प्रश्न एका खोलीत बसवून विचारले. तेव्हा आमच्या घरात भाजीच्या चाकूपलीकडे काही नव्हते. त्याच वर्गातली निम्मी पोरे नोव्हेंबरात बापाबरोबर हरणाच्या शिकारीला जायची आणि सोमवारी वर्गात त्याच्या गोष्टी सांगायची. त्यांच्या बापांना कोणी खोलीत बसवले नाही. मुलाच्या फाइलीत तो शेरा राहिला असावा, आणि त्याने शाळेत आबाजींचे नाव पुन्हा काढले नाही. आता तो मोठा झाला आहे, माझ्याबरोबर क्लबात येत नाही, आणि मी आग्रह करत नाही. हे तुझ्या प्रश्नात बसत नाही हे मला समजते. पण पुढे तुला मुले झाली तर घरातल्या बंदुकीविषयी बाहेर कोणी काय बोलावे हे आधी घरात ठरव.

आबाजींची, म्हणजे माझ्या वडिलांची, ती बिहारातल्या मुंगेरची एकनळी बाराबोअर होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. खडकीची शक्तिमान काडतुसे ते डब्यात घालून धान्याच्या कणगीत ठेवायचे. जुनी कागदी काडतुसे पावसाळ्यात फुगून नळीत शिरायची नाहीत, मग ते ती चुलीजवळच्या फळीवर वाळवायचे, आणि आई दिवसभर कुरकुरायची. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. आचारसंहिता डुकरांना लागू नसल्यामुळे नेमके तेव्हाच तूर साफ व्हायची. ते गेल्यावर बंदूक ठाण्यात गेली ती गेलीच. वारसाच्या नावावर परवाना व्हावा म्हणून भावाने संमतीपत्रे, मृत्यूचा दाखला, सातबारा सगळे दिले. माझे संमतीपत्र इथून नोटरी करून पाठवले तर त्यावरचा शिक्का चालत नाही म्हणून ते परत आले. साहेब बदलला की फाइल पहिल्या पानापासून सुरू होते. ती बंदूक तिथल्या कोठडीत गंजत असेल. तुझ्या आजोबांची बंदूक अजून घरात आहे असे तू लिहिले आहेस, तर निघण्याआधी घरातल्यांना बसवून तिचे काय करायचे ते कागदावर आण. आजोबा हयात असतानाच, त्यांचे वय सत्तरीच्या पुढे असेल तर, वारसासाठी अर्ज करण्याची सोय नियमांत आहे. इकडे आणण्याचा विचार मात्र मनात आणू नकोस.

जमवण्याच्या छंदाविषयी तू विचारलेस म्हणून हे आठवले. पहिली जुनी रायफल घ्यायचीच असेल तर ली-एनफिल्ड थ्री-नॉट-थ्री घे. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर तू ती पाहिली असशील, आणि इथे दुसऱ्या महायुद्धात टोरांटोजवळच्या लाँग ब्रांचच्या कारखान्यात ती लाखांनी तयार झाली, त्यामुळे मिळायला अडचण नाही. लाकूड कापून शिकारीसाठी हलकी केलेली स्वस्त असते. चालवायला ती ठीक, संग्रहाला नाही. अखंड असेल तर बोल्टवरचा क्रमांक आणि रायफलीच्या अंगावरचा क्रमांक जुळतो का ते बघ, नळी आतून उजेडात धरून चऱ्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, स्वच्छ आहेत का ते बघ, आणि लाकूड घासून चकचकीत केलेले असेल तर पुढे चालू लाग, कारण शिक्के त्याच घासण्यात जातात. चालवण्याआधी बंदुकांच्या कारागिराकडून हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद केल्यावर काडतुसाला उरणारी जागा, तपासून घे. काडतुसे महाग असल्यामुळे रोजच्या सरावाला ती परवडत नाही, म्हणूनही पॉइंट बावीस आधी. माझ्याकडे बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली एक आहे. प्रदर्शनात टेबलावर ओळीने मांडलेल्या रायफलींमध्ये दस्त्याच्या मुळाशी असलेल्या लोखंडी पट्टीवरचा इशापूरचा शिक्का बोटाला लागला आणि मी भाव न करता ती घेतली. विकणाऱ्याने विचारले की हे गाव तुमचे का. मी हो म्हणालो. बंगालपासून दारव्हा किती दूर आहे हे त्याला काय समजावणार होतो?

तुझ्या अर्जावर ग्वाहीदार लागेल तेव्हा माझे नाव घाल. तुला जन्मापासून ओळखतो, हे मी कोणालाही सांगू शकतो. चौकशीचा फोन बहुधा दुपारी येतो आणि मी त्या वेळी कामावर असल्यामुळे अनोळखी क्रमांक उचलत नाही, तेव्हा अर्ज टाकलास की त्याच दिवशी मला कळव. भाऊंना आणि वहिनींना नमस्कार सांग.