जाताना आठ तास, येताना सात

प्रश्न : लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर संकेतस्थळावर सुमारे ५,५५० किलोमीटर दिसतं आणि विमानाचा वेळ साडेसहा तास. तिकिटावर मात्र जाताना आठ तास आणि परतताना सात. अंतर तेच असताना हा फरक कसा? शिवाय विमान सरळ अटलांटिक ओलांडायचं सोडून वर कॅनडाकडे का वळतं?
– एक वाचक

उत्तर : आधी वळणाचं सांगते. घरात पृथ्वीचा गोल असेल तर या दोन शहरांमध्ये दोरा घट्ट ताणून धरा. तो आपोआप उत्तरेला सरकतो आणि आयर्लंड, न्यूफाउंडलंडवरून जातो. सगळ्यांत जवळची वाट हीच. सपाट नकाशात उत्तरेकडचा भाग ताणला जातो, म्हणून ती वाकडी दिसते. संकेतस्थळावरचं अंतरही याच वाटेचं असतं.

आता वेळ. मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. उड्डाणाचा आराखडा करायला बसलं की अंतराच्या आधी वाऱ्याचा तक्ता बघायचा, ही आमची रोजची रीत. साधारण ३४,००० फुटांवरच्या या तक्त्यावर वाऱ्याचे बारीक बाण असतात. बाणाच्या शेपटीला छोटी रेघ असेल तर ५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), मोठी असेल तर १० आणि भरीव त्रिकोण असेल तर ५०. हिवाळ्यात अटलांटिकवर दोन-दोन त्रिकोणांचे बाण सर्रास दिसतात. म्हणजे तिथे ताशी १८५ किलोमीटरचा वारा आहे, आणि तो पश्चिमेकडून पूर्वेकडे. हाच जेट स्ट्रीम.

विमानाचा ताशी ९०० किलोमीटर हा वेग भोवतालच्या हवेच्या हिशेबात असतो आणि इथे ती हवाच धावत असते. समोरून सरासरी १५० चा वारा धरला, तर जमिनीच्या हिशेबात वेग ७५० उरतो आणि ५,५५० किलोमीटरला ७ तास २४ मिनिटं लागतात. तोच वारा पाठीशी असला की सव्वापाच तासच. ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री वादळी वाऱ्याच्या जोरावर एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं!

म्हणूनच या महासागरावरचे मार्ग वारा बघून रोज नव्याने आखले जातात. पश्चिमेला जाताना दोन-तीनशे किलोमीटर जास्त उडून वारा चुकवणं कितीतरी वेळा फायद्याचं ठरतं. वेळही वाचतो, इंधनही. असा आराखडा जमला की मला आजही मनापासून आनंद होतो.

संकेतस्थळ बहुधा अंतराला एकाच ठरावीक वेगाने भागतं आणि चढ-उतारासाठी थोडी मिनिटं मिळवतं. तिकिटावरचा वेळ मात्र एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची चाल आणि रांगही आली. पुढचं विमान पकडायचं असेल तर तिकिटावरचाच वेळ धरा.

तिकिटावर सुटण्याची आणि पोचण्याची वेळ त्या-त्या शहराच्या घड्याळाची असते, तेव्हा स्वतः वजाबाकी करताना दोन्ही शहरांतला पाच तासांचा फरक विसरू नका. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरीस आठवडाभर तो चारच तासांचा असतो, कारण दोन्ही देश उन्हाळी वेळ वेगवेगळ्या रविवारी बदलतात. त्या दिवसांत प्रवास असेल तर तारीख बघूनच हिशेब करा.