वाचक विचारतात : 'वसुली' कार्डाने चौघांचा गेम का बसतो?

प्रश्न : डॉमिनियन या पत्त्यांच्या गेमसाठी (ज्यात नाण्यांनी कार्डं विकत घेत आपला डेक वाढवायचा असतो) मी स्वतःचं एक अटॅक कार्ड, म्हणजे इतरांना त्रास देणारं कार्ड, बनवलंय, नाव 'वसुली'. किंमत ४, खेळणाऱ्याला २ नाणी मिळतात आणि बाकी प्रत्येकाने हातातली २ पानं टाकायची. दोघं खेळलो तेव्हा मजा आली, पण चौघं बसलो की कुणालाच काही विकत घेता येत नाही, सगळे वैतागतात. किंमत ५ किंवा ६ केली तर जमेल का?

उत्तर : किंमत राहू द्या हो, दुखणं तिथे नाहीये. तुमचं कार्ड एकदा खेळलं तर खरं तर फारसं लागतही नाही. सुरुवातीच्या डेकमध्ये ७ कॉपर (प्रत्येकी एका नाण्याचं पान) आणि ३ इस्टेट (शेवटी गुण देणारं, पण हातात काही कामाचं नसलेलं पान), म्हणजे समजा हातात ३ कॉपर २ इस्टेट आल्या तर माणूस निवांत दोन्ही इस्टेट टाकून देतो, तीन नाणी जशीच्या तशी. आता दुसऱ्याने पण वसुली खेळली, राहिलं १ कॉपर. तिसऱ्याने खेळली, हात रिकामा! आणि यासाठी कुणाला व्हिलेज (एका टर्नमध्ये जादा कार्डं खेळू देणारं कार्ड) वगैरे लावून लांबलचक टर्न करायचीही गरज नाही, कारण नवीन हात आपण आपल्या टर्नच्या शेवटी उचलतो आणि मग बाकी तिघं आळीपाळीने त्याच हातावर तुटून पडतात. दोघांच्या गेममध्ये मधे एकच टर्न येते म्हणून तुम्हाला ते कळलं नाही.

मूळ गेममधलं मिलिशिया बघा, किंमत ४, २ नाणी, म्हणजे तुमच्यासारखंच, फक्त तिथे 'हातात ३ पानं उरेपर्यंत टाका' असं आहे, त्यामुळे तिघांनी लागोपाठ खेळलं तरी फटका एकदाच बसतो. विच हे कार्ड बाकीच्यांना कर्स (गुण कमी करणारं पान) देतं, पण तिला लगाम वेगळा आहे, कर्सचा ढीगच मोजका असतो, दोघांत १०, तिघांत २०, चौघांत ३०, ढीग संपला की तिचा त्रासही संपला. वसुलीला असा तळच नाही.

किंमत ५ केलीत तर एवढंच होईल की पहिल्या दोन टर्नमध्ये ती दर सहा खेळाडूंत साधारण एकालाच परवडेल, बाकीच्यांना त्या दोन हातांत ४-३ किंवा ३-४ नाणीच येणार. हे मला उलट जास्त खटकतं, आधीच नशीबवान माणसाच्या हातात अजून एक दांडकं कशाला द्यायचं?

मी असतो तर असं लिहिलं असतं : 'ज्यांच्या हातात ५ किंवा जास्त पानं आहेत त्यांनी हातातलं एक पान आपल्या डेकवर ठेवावं.' एकदा लागलं की हात ४ वर येतो, मग दुसरी वसुली त्याला शिवत नाही. वर ठेवलेली इस्टेट पुढच्या हातात परत येऊन बसते, त्यामुळे टोचतं पण गेम अडकत नाही, शिवाय कार्ड मिलिशियाची कॉपीही वाटत नाही. किंमत ४ आणि २ नाणी तशीच ठेवा.

टेस्ट मात्र चौघांतच करा, आणि ज्या डावात सगळ्यांनी वसुली घेतलीय तो डाव नीट बघा. त्यातही कुणाच्या हातात सलग दोन टर्न दोन-तीनच नाणी येत असतील तर वसुलीची २ नाणी १ करून बघा.