जुन्या गाडीचं इंजिन घरीच उघडायचं म्हणताय? आधी हिशोब बघू

तुम्ही लिहिलंय की गाडी १६ वर्षं जुनी, पेट्रोल, उभी असताना इंजिन थरथरतं, चेक इंजिनचा लाइट लागलाय, मेकॅनिक म्हणतो हेड (सिलेंडरांवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व असतात) उतरवावं लागेल आणि गाडी विकून जेवढे येतील त्याच्या निम्मे मागतोय. म्हणून अडीनडीला ठेवलेल्या पैशांतून टूल्स घेऊन सगळं घरीच करायचा विचार आहे.

घरी काम करायला माझा विरोध नाहीये, पण बिघाड नक्की कुठला ते अजून कळलेलंच नाही आणि खर्च मात्र ठरलाय, हे मला खटकतंय. आधी फक्त एक साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) घ्या, जमलं तर कुणाचा तरी मागून आणा. पी०३०१ हा कोड आला तर पहिल्या सिलेंडरमध्ये मिसफायर आहे, म्हणजे तिथे पेट्रोल नीट जळत नाहीये. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तर पहिली आणि तिसरी कॉइल अदलाबदल करा, कोड पुसून पुन्हा बघा, आता पी०३०३ आला म्हणजे कॉइलच गेलीये, आणि हे शोधायला स्कॅनर सोडला तर एक पैसाही लागला नाही. कॉइल, प्लग ही कामं बिनधास्त घरी करा, फक्त इंजिन गार असू द्या. तोपर्यंत गाडी शक्यतो चालवू नका, कारण मिसफायरमध्ये न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) जाऊन तो जळतो आणि मग लहान खर्चाचा मोठा खर्च होतो.

कॉइल-प्लग बदलूनही थरथर राहिली तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये किती प्रेशर तयार होतं ते मोजून घ्या. शेजारशेजारच्या दोन सिलेंडरचं प्रेशर एकदम कमी आलं आणि गळती दिसत नसताना कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं सील) संशय धरा, आणि इथे मात्र मी तुम्हाला थांबवेन. गॅस्केट स्वस्तच असतं हो, पण बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते ठरावीक जोरानेच आवळायला टॉर्क रेंच लागतो, हेड सपाट आहे का ते तपासावं लागतं आणि वाकलेलं निघालं तर मशीन शॉपला न्यावं लागतं, म्हणजे घरी करून वाचते ती फक्त मजुरी. आणि टायमिंग बेल्ट (व्हॉल्व आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) बसवताना चुकला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व पिस्टनला आपटून वाकतात. मजुरी वाचवायला अख्खं इंजिन पणाला लावण्यासारखं आहे ते, आणि पहिल्यांदाच करणाऱ्याने तर नकोच.

मग मेकॅनिकचा आकडा द्यायचा का? तो गाडीच्या किमतीशी नका ताडू, गाडी अजून किती महिने नीट चालेल त्याने भागा. समजा १८ महिने, तर महिन्याला जे येईल ते दुसऱ्या गाडीचा हप्ता आणि वाढलेला इन्शुरन्स मिळून होणाऱ्या रकमेपेक्षा बरंच कमी असेल तर करून घ्या. पण बॉडी गंजलीये, गिअरबॉक्सही आवाज करतोय असं असेल तर १८ महिने धरूच नका, गाडी आहे तशी विका, गेल्या वर्षी सस्पेन्शनवर घातलेले पैसे आठवून अडकू नका, ते कुठल्याही निर्णयाने परत येणार नाहीत.

अडीनडीच्या पैशांना स्कॅनरपलीकडे हात लावू नका, कामावर जायला हीच एकमेव गाडी असेल तरच दुरुस्तीपुरते काढा. कोड काय आला आणि कॉम्प्रेशन टेस्ट केली असेल तर सगळ्या सिलेंडरचे आकडे किती ते कळवा, मग महिन्याचा हिशोब मी मांडून देतो.