रोख व्यवहार संशयास्पद म्हणून कधी कळवायचा?

बँकेत व्यवहार तपासण्याच्या कामाला नव्याने लागलेल्यांची नजर आधी रकमेवर जाते. तिथेच चूक होते. मोठ्या रोख रकमेचा अहवाल ठरलेली मर्यादा ओलांडली की जातोच. संशयास्पद व्यवहाराला मात्र किमान रक्कम नसते. एफएटीएफ (काळा पैसा पांढरा करणं रोखण्यासाठी निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) हिच्या 20व्या शिफारशीनुसार व्यवहाराचा अपुरा राहिलेला प्रयत्नही कळवायचा असतो. ओळखपत्र मागताच रोकड उचलून निघून गेलेला ग्राहक यात येऊ शकतो.

गुन्हा सिद्ध करणं तुमचं काम नाही, वाजवी संशय पुरेसा आहे. तो ठरवताना केवायसीतला व्यवसाय आणि उत्पन्न समोर ठेवून मागचे 6 ते 12 महिने पाहा. किराणा दुकानाचा रोजचा भरणा स्वाभाविक आहे. पगारदाराच्या खात्यात मर्यादेच्या जेमतेम खाली, वेगवेगळ्या शाखांतून रोख भरणा आणि दुसऱ्याच दिवशी सगळी रक्कम बाहेर, हे स्वाभाविक नाही.

पैसे कुठून आले हे नेहमीच्या सुरात विचारा, कागद मागा. खुलासा पटला तर अलर्ट (त्या व्यवहारावर आलेली धोक्याची सूचना) बंद करा, पण का बंद केला ते लिहाच. तपासणीत नेमकी हीच नोंद सापडत नाही. पटला नाही तर प्रधान अधिकाऱ्याकडे, म्हणजे बँकेतर्फे असे अहवाल सरकारी यंत्रणेला पाठवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, लगेच पाठवा. अहवालात ‘व्यवहार संशयास्पद वाटला’ एवढ्यावर भागत नाही: कोणी, किती, कधी, कुठे आणि नेहमीपेक्षा वेगळं काय, हे सगळं हवं. अहवालाबद्दल ग्राहकाला चुकूनही सुचवू नका, आणि अहवाल गेल्यावरही खात्यावर लक्ष ठेवा.