'मॅडम, आतड्याला भोकं पडल्यात का ओ?'

गेले काही महिने एकच प्रश्न निरनिराळ्या माणसांकडून ऐकते आहे. गडहिंग्लजकडच्या एका ताईंनी विचारला, इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्या एका पोरानं विचारला. 'एचआयव्ही पोटातले चांगले जंतू खातो म्हणे. मग आधी पोट सुधारायचं का गोळ्या खायच्या?' मोबाइलवर अर्धीमुर्धी माहिती मिळते, उरलेली भीती पुरवते. म्हणून एका गृहस्थांची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डिंगचं काम, वय चाळिशीचं. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या गोळ्या नियमित. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या तपासणीच्या अहवालात विषाणू सापडत नव्हता. बायकोला सगळं माहीत, तिची तपासणी निगेटिव्ह. म्हणजे काळजी करावी असं कागदावर काही नव्हतं, तरी माणूस वाळत चाललेला. तांबडा रस्सा बंद, पांढरा बंद, भाकरी अर्धी. पिशवीतून त्यांनी प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जंतूंच्या पावडरीचा महागडा डबा, अ‍ॅसिडिटीच्या औषधाची बाटली आणि एक वही काढली. वहीत रोजच्या शौचाची नोंद.

"मॅडम, आतड्याला भोकं पडल्यात का ओ?"

मी 'नाही' म्हटलं नाही. खोटा धीर देणं माझ्या स्वभावात नाही आणि समुपदेशनाच्या माझ्या पद्धतीतही बसत नाही. माणूस घटनेनं खचतो त्यापेक्षा त्या घटनेबद्दल स्वतःला जे बजावत राहतो त्यानं जास्त खचतो, असं मी मानते. पण ते बजावणं तपासायचं तर आधी खरी माहिती हातात हवी.

ती अशी. एचआयव्ही प्रतिकारशक्तीच्या ज्या सीडी-४ पेशींवर हल्ला करतो, त्यांचा फार मोठा साठा आतड्याच्या भिंतीत असतो. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तिथल्या पेशी झपाट्यानं घटतात, रक्तातल्यापेक्षाही जास्त. भिंतीची राखण ढिली पडते आणि जंतूंचे अंश रक्तात झिरपतात. २००६ साली संशोधकांनी हे दाखवून दिलं. या झिरपण्यानं शरीराची प्रतिकारयंत्रणा विनाकारण सतत चेतलेली राहते. जंतूंचं प्रमाणही बदलतं, पण त्याचं सगळं खापर विषाणूवर फोडता येत नाही. बार्सिलोना आणि स्टॉकहोमच्या रुग्णांवरचा २०१६ चा अभ्यास सांगतो की त्यातले काही ठळक फरक एचआयव्हीपेक्षा लैंगिक जीवनाशी जोडलेले होते. आहाराचा प्रभाव तर असतोच.

"म्हंजे भोकं हाईत," ते म्हणाले. एवढंच त्यांनी उचललं.

पुढच्या काही भेटी पावडर, दही, ताक यांतच गेल्या. मग एकदा मी सहज विचारलं, "घरी आईला या गोळ्या कशाच्या म्हणून सांगितल्यात?"

बराच वेळ ते पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसले. "पोटाच्या. पोटाचं म्हटलं की कोण काय इचारत न्हाई."

"आणि आई?"

"ती रोज सकाळी इचारती, आज पोट कसं हाय?"

ते स्वतःच थबकले. मीही काही बोलले नाही. आजार लपवायला पोटाचं नाव पुढं केलं, आईनं ते खरं मानलं. रोज तिला उत्तर द्यायचं म्हणून हे रोज पोटाकडे बघू लागले. वही तिथून सुरू झालेली. पुढं लक्षात आलं, माझ्याकडे पोटाची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच असतं. मूळ आजाराचं नाव घरात घेता येत नाही, पोटाचं घेता येतं. मग सगळी भीती तिकडंच गोळा होते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, समोर बसलेल्या माणसांनी दाखवलं.

त्यानंतर मी पहिल्या प्रश्नाकडे वळले. "तुमच्याकडं कास्टिंगमध्ये ब्लो होल निघालं की माल भंगारात?"

"सगळाच कसा जाईल? बारीक छिद्रं ऱ्हात्यातच. कुठं हाय, केवढं हाय बघायचं. प्रेशरला टिकलं की पास."

"तुमचा प्रेशरचा रिपोर्ट कुठला?"

ते हसले. आमच्या ओळखीतलं पहिलं हसू. "व्हायरल लोड."

पोट शंभर टक्के दुरुस्त झालंच पाहिजे, तोवर मी बरा नाही, हा हट्ट त्या दिवशी सैल झाला. गोळ्या विषाणूला रोखतात तशी आतड्याची भिंतही बरीच सावरते. पूर्ववत होतेच असं नाही, पण त्यासाठी जगणं थांबवायचं कारण नसतं. उलट गोळ्या थांबल्या तर आतड्याच्याच पेशींत दडलेला विषाणू पुन्हा उठतो. प्रोबायोटिकवरचे अभ्यास छोटे आहेत, निकाल संमिश्र. दही-ताक खुशाल घ्या, पण गोळीच्या बदली काही नाही.

खरी धास्ती मला त्या बाटलीची वाटली होती. एआरटीच्या गोळीत डोल्युटेग्रॅविर असेल तर मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियमचं अ‍ॅसिडिटीचं औषध तिच्यासोबत घेऊ नये, गोळीचं शोषण कमी होतं. गोळी त्या औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. हे गृहस्थ रात्री दोन्ही एकत्रच घ्यायचे. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

जुलाब आठवडाभर थांबले नाहीत, ताप किंवा रक्त असलं, वजन घटत राहिलं, तर वहीत लिहीत बसू नका, एआरटी केंद्र गाठा. आणि गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध कोल्हापूरकराला सोडवत नाही हे मला माहीत आहे, पण सीडी-४ कमी असताना कच्चं दूध नको, उकळूनच प्या.

त्यांचा तांबडा रस्सा परत सुरू झाला, पावडरीचा डबा गेला. आईला त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही. बायकोचा आग्रह आहे, सांगून टाका. मी तसा धरला नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं आपली माहिती कुणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे. आईच्या सकाळच्या प्रश्नाला मात्र आता ते "बरं हाय" एवढंच म्हणतात आणि डबा उचलून कामावर जातात.