रेकॉर्ड रूम म्हणते पाठवलं, अभिलेखागार म्हणतं आलंच नाही

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मुलाच्या कुणबी दाखल्याची पडताळणी अडकलीये, पणजोबांचा जन्म 1934 चा, गाव आत्ता सांगली जिल्ह्यात, आणि कोतवाल बुकातली (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीतली) नोंद मागायला गेलं की तहसीलची रेकॉर्ड रूम म्हणते जुनी बुकं अभिलेखागारात (जुने सरकारी कागद जपणाऱ्या कार्यालयात) गेली आणि अभिलेखागार म्हणतं आमच्याकडे आलीच नाहीत. चार महिने हेच चाललंय आणि आता तहसीलवाले "अभिलेख उपलब्ध नाही" असं पत्र द्यायला तयार आहेत.

ते पत्र इतक्यात घेऊ नका. जात सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने तुमच्यावरच आहे, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, त्यात 1934 ची नोंद म्हणजे तुमचा सगळ्यात भक्कम कागद, तो शोधायचं दार स्वतःच्या हाताने कशाला लावून घेता.

मुळात सरकारी दप्तर एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात तोंडी जात नाही. पाठवलं असेल तर सुपूर्दगीची यादी हवी, घेणाऱ्याची सही हवी. नष्ट केलं असेल तर नाश नोंदवही आणि वरच्या अधिकाऱ्याचा आदेश हवा, आणि जन्ममृत्यूची बुकं तर कायम जपायच्या वर्गातली, ती थोडाच काळ ठेवायच्या ड वर्गातल्या कागदांसारखी वर्षभरात काढून टाकता येत नाहीत. म्हणून अर्जात "माझी नोंद द्या" एवढंच लिहू नका, यादी मागा, आवक-जावक नोंदवहीची पानं मागा, नाश नोंदवही मागा. माहिती अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तहसीलच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज टाका. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम 6(3) प्रमाणे अर्ज 5 दिवसांत तिकडे पाठवायचं काम त्यांचं, तुम्हाला हेलपाटे मारायला लावायचं नाही.

आता माझा अनुभव. एका तालुक्याला असंच "सापडत नाही" प्रकरण होतं. कपाटाच्या तळाला लाल कापडात बांधलेला रुमाल, म्हणजे दप्तराचा गठ्ठा, निघाला, वर चिठ्ठी होती पण मोडी लिपीत. क्लार्क बिचारा नवीन, त्याला मोडी येत नव्हती आणि सांगायची लाज वाटत होती. मोडी वाचणारा माणूस आला तेव्हा अर्ध्या तासात पान सापडलं. कपाटं क्लार्कला माहीत, मोडी अभिलेखागाराच्या माणसाला येते, हे दोघं एका टेबलाशी बसले की काम होतं, आणि ते बसत नाहीत हेच मला जाम खटकतं. 2023 पासून कुणबी नोंदी शोधल्या तेव्हाही मोडी जाणकारांना सोबत घ्यावंच लागलं.

अजून एक. 1934 ला सांगली जिल्हाच नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर हे सगळं तेव्हा साताऱ्यात. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. तुमचं गाव त्या भागातलं असेल तर सातारा कलेक्टर ऑफिसच्या रेकॉर्ड रूमलाही वेगळा अर्ज करा, एखाद्या संस्थानातलं असेल तर तेही अर्जात लिहा. जुना जिल्हा, जुना तालुका, गावाचं जुनं नाव, सगळं घाला, शोधणाऱ्याला त्यावरूनच रुमाल कळतो.

30 दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा आणि तिथे लेखी मागा की तहसीलचा अभिलेखपाल आणि अभिलेखागाराचा प्रतिनिधी यांनी मिळून शोध घ्यावा, त्याचा पंचनामा करावा आणि तुम्हाला हजर राहू द्यावं. दिल्ली हायकोर्टाने 2013 मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात सांगितलंय की नुसतं "सापडत नाही" म्हणून माहिती नाकारता येत नाही, चौकशी करून जबाबदारी ठरवायला हवी. ते आपल्याकडे बंधनकारक नाही, पण अपिलात वजन पडतं. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 चा उल्लेख करा, बेकायदा नाश केला तर 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धमकीच्या सुरात नको, एका ओळीत नमूद करा, एवढ्यानेही कपाटं उघडतात.

पडताळणी समितीला आजच लेखी द्या की शोध चालू आहे, मुदत मिळावी, सोबत अर्जाची पोच जोडा. समितीने तरी दावा फेटाळला तर हायकोर्टात रिट अर्ज करता येतो, आणि 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे मुंबई गाठायची गरज नाही. सुपूर्दगी यादी हातात आली की आधी मला पाठवा, त्यात तुमच्या गावाचं नाव आहे की नाही यावर पुढचं पाऊल ठरेल.