बाप्तिस्मा झालाय, तरी भगताची, म्हणजे गावातल्या मंत्रतंत्र करणाऱ्याची, भीती जात नाही. येशूच्या अधिकारावर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं काय?

भाऊ, नवापूरकडच्या घरात वाढलेल्या माणसाची ही भीती एका दिवसात जात नाही. माझ्या आजीच्या उशाशी नवा करार असायचा आणि नातवाच्या मनगटाला काळा दोरा. तिला त्यात विसंगती दिसत नव्हती.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 8व्या अध्यायातला रोमी शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, बघा. चाकर आजारी, पण तो येशूला म्हणतो, घरी येऊ नका, नुसता शब्द बोला. कारण त्याला हुकूम कळतो: वर साहेब, खाली शिपाई, ‘जा’ म्हटलं की शिपाई जातो. तसाच आजारही येशूचं ऐकेल, हे त्याने ओळखलं. विश्वास म्हणजे मन घट्ट करून बसणं नव्हे, शब्द कोणाचा चालतो ते ओळखणं.

मात्र येशूचं नाव मंत्रासारखं वापरू नका. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात इफिस शहरातल्या स्किवा नावाच्या यहुदी याजकाच्या सात मुलांनी तेच केलं. भूत लागलेल्या माणसाने ‘तुम्ही कोण?’ विचारत त्यांना असं बदडलं, की ते उघडेनागडे पळाले. दोऱ्याऐवजी गळ्यात क्रूस बांधला, तर फक्त ताईत बदलला.

पोराला ताप असेल तर प्रार्थना करा आणि दवाखान्यात न्या, दोन्ही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. आणि भगताने शेजारणीला डाकीण ठरवलं, तर अजिबात ऐकू नका. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. दोरा आज सुटत नसेल तर राहू द्या, पण नवा बांधायला जाऊ नका.